जुन्या वाड्याच्या खिडक्या आणि शिशाची धूळ : इंदूरच्या एका घराचं पूर्ण प्रकरण

हे प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिहून काढतेय, कारण इंदूरला आणि तसंच ग्वाल्हेर-बडोद्यालाही अशी जुनी मराठी घरं अजून भरपूर आहेत आणि दर दिवाळीच्या आधी त्यातल्या कुठल्या ना कुठल्या घरात रंगकाम निघतंच. घरच्यांनी लिहायला होकार दिलाय, फक्त नावं नको म्हणाले, म्हणून आजी, सूनबाई, मुलगा एवढ्यावरच भागवते. मी जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं बघते, डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाच्या बाबतीत जे त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच लिहिलंय.

घर रामबाग भागातलं, दुमजली, लाकडी चौकटींचा वाडा, साधारण नव्वद वर्षांचा. वर आजी, मुलगा, सून आणि एकोणीस महिन्यांची नात. खाली एक भाडेकरू कुटुंब. वाड्यात चुलत भावांचाही हिस्सा आहे पण ते पुण्याला असतात. मागच्या वर्षी दसरा झाल्यावर रंगकाम काढलं, ठेकेदाराने दोन मुलं पाठवली आणि त्यांनी सगळ्या खिडक्या कोरड्या रेगमालने (पॉलिश पेपरने) घासल्या, जिथे रंग फुगला होता तिथे पत्तीने खरवडल्या, वरून प्रायमर आणि दोन हात ऑइल पेंट. सूनबाई म्हणाल्या होत्या की धूळ फार होतेय, तर पेंटर म्हणाला, "भाभीजी, रेगमाल मारे बिना पकड नहीं आएगी." बरोबरच आहे त्याचं, घासल्याशिवाय नवा रंग धरत नाही. पण त्या घासण्यात खाली काय निघतंय हे त्यालाही कोणी सांगितलं नव्हतं आणि घरच्यांनाही माहीत नव्हतं. रोज संध्याकाळी झाडू मारून भुकटी गोळा करायची आणि चौकातल्या तुळशीवृंदावनाच्या मागच्या मातीत टाकायची, असं चाललं होतं.

जानेवारीत नातीचं हिमोग्लोबिन कमी आलं. आयर्नचे थेंब चालू होते तरी वर चढेना, पोर चिडचिडी, भूक नाही, पोट दुखायचं, दोन-दोन दिवस शी व्हायची नाही. ही लक्षणं अशी आहेत की शंभर कारणांनी होतात आणि बहुतेक वेळा शिशाचा विचार कोणी करत नाही. त्यांच्या बालरोगतज्ज्ञांनी मात्र एक प्रश्न विचारला, घरात एवढ्यात रंगकाम झालंय का, आणि हो म्हटल्यावर शिरेतून रक्त घेऊन शिशाची टेस्ट पाठवली. शिरेतून का, तर बोट टोचून घेतलेल्या थेंबात बोटावरचीच धूळ मिसळू शकते आणि आकडा खोटा वर जातो. रिपोर्ट आला २१ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर.

हा आकडा किती वाईट? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनात ५ किंवा त्याच्या वर आलं की शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवायचं, असं आहे. अमेरिकेत तर २०२१ पासून ३.५ आलं तरी लक्ष घालतात. आणि मुलांसाठी अमुक इतकं शिसं चालतं अशी सुरक्षित पातळी कोणी मानतच नाही. दुसऱ्या बाजूने, शरीरातलं शिसं ओढून काढायची जी औषधं आहेत, केलेशन म्हणतात त्याला, ती साधारण ४५ च्या वर गेल्यावर देतात. म्हणजे २१ वालं पोर मधल्या पट्ट्यात, जिथे गोळी देऊन सुटका नाही आणि सोडूनही चालत नाही. डॉक्टरांनी आयर्न चालू ठेवलं, कॅल्शियम आणि खाण्याकडे लक्ष द्यायला सांगितलं (लोह आणि कॅल्शियम कमी असलं की आतडं शिसं जास्त शोषतं, आणि लहान मुलं तसंही मोठ्यांच्या चार-पाच पट शोषतात) आणि स्पष्ट सांगितलं की खरं औषध म्हणजे घरातलं शिसं थांबवणं. तेव्हा त्यांनी मला फोन केला, कारण वाड्याच्या छताचं गळतीचं काम आधी मीच बघितलं होतं.

सगळ्यांची एकदम खात्री होती की रंगच आहे. मलाही तसंच वाटत होतं पण असं धरून चाललं की बाकीच्या गोष्टी नजरेतून सुटतात आणि मग खिडक्यांवर पैसे घालूनही पोराचा आकडा खाली येत नाही. म्हणून आधी घर फिरून आजींना आणि सूनबाईंना बसवून विचारलं. हळद कुठली? पिवळाधमक रंग यावा म्हणून हळदीत लेड क्रोमेट (शिशाचाच पिवळा रंग) मिसळल्याची प्रकरणं आहेत. यांच्याकडे अख्खी हळकुंडं आणून चक्कीवर दळतात, तरी नमुना पाठवला, तो साफ आला. काजळ, सुरमा? पोराला घालत नाहीत. पितळेच्या भांड्यांना कलई? वर्षानुवर्षं झालेली नाही, आणि स्वयंपाक स्टीलमध्येच. कोणी बॅटरीच्या, भंगाराच्या कामात? नाही. नळाचे पाइप बदललेले.

एक गोष्ट निघाली ती शेंदूर. देवघरात मारुती आहे आणि आजी शनिवारी शेंदूर लावतात. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचाच ऑक्साइड, लोखंडाला गंज लागू नये म्हणून जो जुना लाल प्रायमर मारायचे त्यातही तोच. पुडीची टेस्ट केली, शिसं भरपूर निघालं. हे आजींना सांगणं मला जड गेलं, कारण त्यांच्या मनात लगेच आलं की माझ्यामुळे झालं का. तसं नव्हतं, देवघर उंच फडताळात आहे आणि पोर तिथे पोचत नाही, आजी पूजेनंतर हात धुतात. पण कधीतरी पोराला कपाळावर बोट लावायच्या, ते बंद करायचं ठरलं. त्यांनी स्वतःच पुडी डबीत घालून, डबी वरच्या खणात ठेवली आणि तेव्हापासून पूजेचं फडकं वेगळं धुतात. मारुतीला काही कमी पडलं नाही.

आता खिडक्या. मुलाने माझ्या आधीच ऑनलाइन एक टेस्ट किट मागवलं होतं, काडी रंगावर घासायची आणि लाल झाली तर शिसं, असं ते. त्याने घासली, काही बदललं नाही, आणि त्यावरून घरात वाद की मग रंगात नाहीच. इथे बहुतेकजण फसतात. काडी वरच्या थरावर घासली होती, आणि वरचा थर नवा. आपल्याकडे घरगुती आणि डेकोरेटिव्ह रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दर दहा लाख भागांत ९० भाग) असा नियम १ नोव्हेंबर २०१६ ला निघाला आणि तो वर्षभराने लागू झाला, त्यामुळे आत्ताचा चांगल्या डब्यातला रंग साफ निघणं अपेक्षितच. पण नियम डब्यातल्या रंगाबद्दल आहे, तुमच्या खिडकीवर आजोबांच्या काळापासून बसलेल्या थरांबद्दल नाही. चौकटीच्या कोपऱ्यात धारदार ब्लेडने तिरका काप घेतला की सगळे थर पट्ट्यांसारखे उघडे होतात. इथे वरून क्रीम, मग पांढरा, मग पोपटी, मग पुन्हा हिरवा पण गडद, मग पिवळा, आणि लाकडाला चिकटलेला करडा अस्तर. त्या कापावर काडी घासली तर हिरव्या-पिवळ्या थरांवर गुलाबी रेघ उमटली. पिवळ्या आणि हिरव्यात हे जास्त सापडतं कारण पिवळा रंग लेड क्रोमेटचा असायचा आणि त्यात निळा मिसळून हिरवा करायचे. पांढऱ्यात जुना सफेदा असतो, शिशाचाच. शिवाय ऑइल पेंट लवकर सुकावा म्हणूनही शिशाचे ड्रायर घालायचे. डिस्टेंपर आणि चुन्यात हा प्रश्न सहसा नाही.

मुलाचा दुसरा प्रस्ताव असा की सराफ्यात सोनं तपासायची एक्सआरएफ मशीन असते, रंगाची पपडी घेऊन जाऊ. तत्त्व तेच आहे, एक्स किरण मारले की प्रत्येक धातू आपापल्या ऊर्जेचे किरण परत सोडतो, आणि बाहेरच्या देशांत घरं तपासायला हातातली एक्सआरएफ वापरतातच. पण सोन्याची मशीन सोन्याच्या मिश्रणासाठी सेट केलेली असते, पातळ रंग आणि मागे लाकूड अशा नमुन्याचा आकडा तिच्यातून भरवशाचा येत नाही, फार तर शिसं आहे की नाही एवढा अंदाज. म्हणून पपड्या सरळ एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या लॅबला पाठवल्या. आणि पाठवताना सगळे थर लाकडापर्यंत घेतले, पण लाकूड कमीत कमी येईल असं बघितलं, कारण लाकूड आलं की आकडा उगाच पातळ होतो.

झोपायच्या खोलीच्या खिडकीची पूर्ण पपडी २३,००० पीपीएम, म्हणजे दोन टक्क्यांच्या वर. त्याच खिडकीचा फक्त वरचा थर ९० च्या आत. खिडकीच्या लोखंडी गजांवर, हिरव्या रंगाखाली लाल अस्तर होतं, तिथे एक लाखाच्या वर. जिन्याच्या भिंतीवर छातीपर्यंत जो ऑइल पेंटचा पट्टा असतो त्यात १,४००. वरच्या भिंतीत जवळजवळ काही नाही. जुन्या बसलेल्या रंगाला शिशाचा रंग कधी म्हणायचं यासाठी अमेरिकेत ५,००० पीपीएम, म्हणजे अर्धा टक्का, ही रेषा धरतात. ९० आणि ५,००० हे दोन आकडे लोक एकमेकांत मिसळतात म्हणून सांगते, पहिला विकायच्या नव्या रंगाचा, दुसरा घरावर आधीपासून असलेल्या रंगाचा.

पण रंगात किती आहे यावरून धोका कळत नाही, आणि या प्रकरणात मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते हेच आहे. गजांत एक लाख होतं पण तो रंग घट्ट बसलेला, कुठे पापुद्रा नाही. खिडकीच्या झडपेत त्याच्या पाव भागही नव्हतं, पण ती झडप रोज सकाळ-संध्याकाळ उघडते, चौकटीच्या खाचेत घासते, बिजागरीपाशी घासते, खालच्या कट्ट्यावर अडकते म्हणून ढकलावी लागते, आणि प्रत्येक वेळी थोडी भुकटी खाली पडते. पोराच्या तोंडात भिंतीवरचा रंग जात नाही, ही भुकटी जाते, हाताला लागून. म्हणून धुळीची टेस्ट हवी. एक चौरस फुटाची चौकट आखायची, ओल्या वाइपने आधी आडवं नागमोडी, मग घडी घालून उभं नागमोडी, मग पुन्हा घडी घालून कडा, आणि वाइप सरळ बंद नळीत. हात प्रत्येक नमुन्याला नवा ग्लव्ह घालून.

या खोलीत मला एक गोष्ट दिसली ती लिहितेच. रस्त्याकडच्या खिडकीच्या कट्ट्याच्या काठावर बारीक दातांच्या खुणा होत्या. सूनबाई म्हणाल्या, रोज सकाळी कचरागाडीचं गाणं ऐकू आलं की ती धावत येते, दोन्ही हातांनी गज धरते, हनुवटी कट्ट्यावर टेकवते आणि गाडी जाईपर्यंत तशीच उभी. दात येत होते, समोर लाकूड, चावलं.

धुळीचे आकडे असे आले : चौकटीच्या खाचेत ४,८००, कट्ट्यावर ६४०, पाळण्याजवळच्या फरशीवर ३८, सगळे मायक्रोग्रॅम प्रति चौरस फूट. तुलनेला अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचे आकडे घेतले, ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी साफसफाईनंतरची मर्यादा फरशीला ५, कट्ट्याला ४० आणि खाचेला १०० अशी खाली आणली. २००१ मध्ये त्यांनी फरशीचा आकडा ४० ठरवला होता, तेव्हा ही फरशी पास झाली असती, आणि पोराच्या रक्तात तर २१ निघालंय. एक साधा हिशोब घरच्यांना करून दाखवला तो इथेही देते. दोन टक्के शिशाच्या रंगाची एक ग्रॅम भुकटी, म्हणजे चिमूटभर, त्यात २०,००० मायक्रोग्रॅम शिसं. १० बाय १० च्या खोलीत ती सारखी पसरली तर दर चौरस फुटाला २००. मर्यादेच्या चाळीस पट. दिवाळीच्या आधी रेगमालने एका चिमटीपेक्षा किती जास्त उडालं असेल ते तुम्हीच बघा.

लॅबचे रिपोर्ट येण्याची वाट न बघता त्याच दिवसापासून काही गोष्टी सुरू केल्या. पाळणा खिडकीपासून आतल्या भिंतीकडे. ती खिडकी बंद, कट्टा जाड प्लास्टिकने झाकून टेपने चिकटवला. झाडू बंद, पूर्ण बंद, कारण कोरडा झाडू बारीक धूळ उचलून हवेत टाकतो आणि ती तासाभराने परत बसते. साबणाच्या पाण्याचा पोछा, दोन बादल्या, एक साबणाची एक धुवायची, पाणी सारखं बदलायचं आणि ते चौकात नाही तर संडासात ओतायचं. पोराचे हात खाण्याआधी आणि झोपण्याआधी साबणाने, खेळणी रोज धुवायची. इंदूर २०१७ पासून सलग कित्येक वर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलंय आणि या घरातही दोनदा केर निघायचा, आजींना तर झाडू बंद म्हटल्यावर घर घाण ठेवल्यासारखंच वाटलं. त्यांना झाडू मारल्यावर उन्हाच्या तिरिपेत तरंगणारी धूळ दाखवली, मग त्यांनीच भाडेकरणीला पण सांगितलं.

मुख्य कामाचं ठरवताना तीन मतं होती. पुण्याच्या चुलतभावाचं मत असं की एवीतेवी काम निघालंच आहे तर सगळा रंग ब्लो लॅम्पने जाळून काढा आणि खालचं सागवान पॉलिश करा, जुन्या वाड्याला शोभतं. हे मी साफ नाही म्हटलं. ज्योतीने रंग जाळला की तापमान सहज ६०० अंशांच्या वर जातं, आणि तिथे शिशाची वाफ निघायला लागते, ती डोळ्याला दिसत नाही, श्वासातून सरळ रक्तात जाते. ठेकेदाराचं मत, ग्राइंडर लावून दोन दिवसांत साफ करतो. ते तर रेगमालच्याही वर, एका दुपारी सगळं घर भरून टाकेल. तिसरं मत मुलाचं, सगळ्या खिडक्या काढून अल्युमिनियम बसवू. त्यात चूक काही नाही, घासणारा भाग बदलून टाकणं हाच सगळ्यात पक्का उपाय, पण दर्शनी खिडक्यांचं कोरीवकाम जाईल आणि खर्च झेपणार नव्हता.

मग खिडक्या दोन गटांत वाटल्या. पोर जिथे झोपतं आणि खेळतं त्या दोन खोल्यांच्या झडपा पूर्ण बदलायच्या, नवीन लाकूड, नवा रंग. चौकट जागेवर ठेवायची पण झडप जिथे घासते त्या खाचेत ओलं करून रंग काढायचा आणि वर अल्युमिनियमची पट्टी बसवायची म्हणजे लाकडाशी लाकूड घासणारच नाही. कट्ट्यावर पातळ ग्रॅनाइटची फळी, कडा सिलिकॉनने बंद, चावायला लाकूडच उरत नाही आणि पुसायलाही सोपं. बाकी खिडक्यांना फक्त बिजागऱ्या आणि कड्या सरळ करून झडपा घासणार नाहीत असं बसवायचं, सुटा रंग पाणी मारून खरवडायचा, आणि वर प्रायमर आणि रंग. गज तसेच, ओल्या फडक्याने पुसून, सुटे पापुद्रे ओले करून काढून, दोन हात रंग. जिन्याच्या पट्ट्याला हातच लावला नाही, घट्ट आहे, उगाच छेडायचं नाही. फक्त वरच्या वळणावर जिथे गळतीमुळे भिंत फुगली होती तिथे आधी छताचा सांधा बंद केला, कारण ओल राहिली तर वर कितीही चांगला रंग मारा, पावसाळ्यात पापुद्रा सुटणारच.

काम चालू असेपर्यंत सूनबाई आणि पोर सुदामा नगरला मावशीकडे. आजी जायला तयार नव्हत्या, शेवटी त्या मागच्या बंद खोलीत राहिल्या आणि येण्याजाण्याचा रस्ता वेगळा काढून दिला. खोलीतलं सामान बाहेर, जे निघणार नाही ते प्लास्टिकखाली. फरशीवर जाड प्लास्टिक, कडेला टेप, दारात वरून सोडलेला पडदा, पंखे बंद. खरवडायच्या आधी फवारा, खरवडताना फवारा. कामाच्या मुलांना नीट बसणारे, बारीक धूळ अडवणाऱ्या पी-१०० फिल्टरचे मास्क, नुसता रुमाल किंवा कापडी मास्क या कामाचा नाही. हेपा (अगदी बारीक धूळही अडवणाऱ्या फिल्टरचं) व्हॅक्यूम विकत घेणं शक्य नव्हतं, पीथमपूरच्या औषध कंपन्यांना क्लीनरूमचं सामान पुरवणारा एकजण ओळखीचा निघाला त्याच्याकडून भाड्याने मिळालं. साधं घरगुती व्हॅक्यूम वापरू नका, मागून बारीक धूळ बाहेर फेकतं.

पपड्या आणि प्लास्टिक दुहेरी पिशवीत बांधून घरगुती घातक कचरा म्हणून वेगळं दिलं, नेहमीच्या सुक्या कचऱ्यात नाही. जुन्या झडपांचं जरा भांडण झालं, सुताराला सागवान न्यायचं होतं, रंधा मारून पाट बनवीन म्हणाला. त्याला नाही म्हणावं लागलं, रंधा मारला की तीच भुकटी त्याच्या दुकानात आणि त्याच्या पोरांपर्यंत.

साफसफाई हाच या कामाचा अर्धा भाग आहे आणि तिथेच लोक घाई करतात. वरून खाली, छतापासून फरशीपर्यंत, आधी व्हॅक्यूम, मग साबणाचं ओलं, मग पुन्हा व्हॅक्यूम. त्यानंतर तासभर थांबायचं, उडालेली धूळ बसू द्यायची आणि मग वाइप टेस्ट घ्यायची. पहिल्या टेस्टला फरशी ३ वर पास, कट्टा ७१ वर नापास. चौकशी केली तर निघालं की ठेकेदाराच्या मुलाने प्लास्टिक आत दुमडून गुंडाळायच्या ऐवजी ओसरीच्या कठड्यावर झटकलं होतं आणि ते शेजारच्या खिडकीतून परत आत आलं. ठेकेदार म्हणाला रंग सुकलाय, काम झालंय, पैसे द्या. करारात आम्ही आधीच लिहून घेतलं होतं की शेवटचा हप्ता धुळीची टेस्ट पास झाल्यावर, आणि हे वाक्य नसतं तर ते परत आलेच नसते. पुन्हा धुतलं, दुसऱ्या टेस्टला कट्टा १२ आणि खाच ५५. मग पोर घरी आलं.

तुळशीमागची माती विसरून चालणार नव्हतं. दिवाळीच्या आधीची सगळी भुकटी तिथे होती आणि पोर तिथे बसून माती खेळायचं. वरची वीतभर माती काढून पिशव्यांत भरून दिली, नवी माती आणि वर फरशी. आजींनी नवी तुळस लावली.

आता त्या पेंटरबद्दल. ज्या मुलाने रेगमाल मारला होता त्याला मी फोन करून बोलावलं, कारण खिडकीसमोर तोंड करून तासन् तास ती भुकटी खाणारा तोच होता, आणि तेच कपडे घालून तो घरी जायचा, त्याचीही तीन वर्षांची मुलगी. त्याला वाटलं त्याच्यावर आळ येतोय. समजावून, डॉक्टरांशी बोलून, दोघांची टेस्ट करून घेतली, खर्च वाड्याच्या मालकांनी दिला. त्याचं ३४ आलं, मुलीचं ८. त्याने कधी तब्येतीची तक्रार केली नव्हती, फक्त हातपाय दुखतात, झोप लागत नाही, कामाचा थकवा असेल असं धरून चालला होता. तो आता ओलं घासतो, कामाचे कपडे वेगळे ठेवतो आणि घरी शिरायच्या आधी आंघोळ करतो. बाकी पेंटरांना हे कोण सांगणार याचा विचार मला सारखा येतो, घरवाल्याने रंगाच्या कंपनीचं कार्ड बघून शेड निवडायची आणि धूळ मात्र मजुराने खायची, हे बरोबर नाही.

पोराचा आकडा दोन महिन्यांनी १४, सहा महिन्यांनी ९. लोक विचारतात एवढं हळू का. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्मं होतं, पण जे हाडांत जाऊन बसलंय ते वर्षानुवर्षं थोडं थोडं रक्तात परत येत राहतं, म्हणून नवीन शिसं आत जाणं थांबलं तरी आकडा सरळ खाली पडत नाही. हिमोग्लोबिन सुधारलंय, भूक लागते. बोलणं, चालणं, लक्ष यावर डॉक्टर शाळेच्या वयापर्यंत नजर ठेवणार आहेत, कारण शिशाचा मेंदूवरचा परिणाम बऱ्याचदा तेव्हाच दिसून येतो आणि झालेलं नुकसान औषधाने भरून निघत नाही.

वरच्या मजल्याच्या ज्या खिडक्यांचा जुना रंग आत तसाच आहे त्यांची यादी करून मुलाकडे दिली आहे, प्रत्येकीत कुठे काप घेतला आणि काय आलं ते लिहून, म्हणजे उद्या दुसरा पेंटर आला तर त्याला दाखवता येईल. पावसाळा संपला की त्या तपासायच्या, कुठे घासतंय, कुठे फुगलंय. खालच्या भाडेकरूंच्या खिडक्या अजून व्हायच्या आहेत. त्यांचा मुलगा चार वर्षांचा, त्याचं रक्त ६ आलंय, आणि खर्च कोणी करायचा यावर पुण्याच्या भावाशी बोलणं चालू आहे. तोवर तिथेही झाडू बंद करून पोछा लावलाय, रस्त्याकडच्या दोन खिडक्या प्लास्टिक लावून बंद केल्यात आणि पोराचा पलंग आत हलवलाय.